पडदा गेला

आमच्या घरात स्क्रीनला स्क्रीन म्हणायची सोय नव्हती. आमच्या ह्यांचा तसा दंडकच होता. आयुष्यभर बँकेत हिंदीत कागद रंगवले, साहेबांशी हिंदीत भांडले, आणि निवृत्त झाल्यावर एकाएकी मराठी अंगात आली. कॉम्प्युटर म्हटलं की म्हणायचे, संगणक म्हण. की-बोर्ड म्हटलं की कळफलक म्हण. स्क्रीनला पडदा. मी पहिल्यांदा म्हटलंही, की पडदा काय, मी काय घरात नाटक कंपनी काढली आहे? पण बाकीचे शब्द माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेले आणि पडदा तेवढा जिभेवर राहिला. छोटा आहे, सोपा आहे, म्हणून राहिला असेल.

यात गंमत अशी, की ह्यांची नामं तेवढी शुद्ध. क्रियापदं अस्सल ग्वाल्हेरची. "अगं, संगणक चालून राहिला आहे का?" असं विचारतात. पुण्याची माझी नणंद फोनवर हसून हसून बेजार होते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आमची मराठी अशीच झाली आहे, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ह्यांना मात्र वाटतं. क्रियापदांचं त्यांना कळत नाही, म्हणून ते नामांवर राग काढतात.

मी घरबसल्या कॉम्प्युटरवर निमंत्रणपत्रिका जुळवते. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये माझं नाव आहे ते यासाठी. इथल्या छापखान्यांमध्ये सगळे हिंदीवाले. त्यांच्या हातात मराठी मजकूर दिला की ळचा ल करतात आणि वर सांगतात, एकच तर आहे. एका घरी बारशाच्या पत्रिकेत 'बाळाचे' ऐवजी 'बालाचे बारसे' छापून आलं होतं. हिंदीत बाल म्हणजे केस. त्या घरच्या आजेसासूबाई विचारत होत्या, की बारसं कोणाचं आहे, पोराचं की जावळाचं? तेव्हापासून लोक मजकूर माझ्याकडे आणतात. मी जुळवून, दोनदा वाचून देते आणि छापखाना नुसता छापतो. ळ आणि ल यांच्यातला फरक बघणं, हेच माझं काम.

आणि तो फरक मी एकाच डोळ्याने बघते. डावा डोळा लहानपणापासूनच मंद आहे. त्याला माणूस आला-गेला एवढं समजतं, अक्षर कळत नाही. सगळी भिस्त उजव्यावर. गेल्या हिवाळ्यात त्या उजव्याचाच पडदा आतून सुटला आणि कंपू भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई हिंदी बोलणाऱ्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलण्यात जरब. घरी सोडताना त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "आंटीजी, परदा हमने चिपका दिया है. पर कभी आँख के आगे कालापन उतरता दिखे, तो घर में बैठकर सोचिएगा मत. उसी वक़्त आइए. देर हुई तो मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा."

उसी वक़्त. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले ते पदराला गाठ मारल्यासारखे.

आमची मुलगी बंगळूरला नोकरी करते. ऑपरेशननंतर तिने हट्टाने एक मोठा मॉनिटर पाठवला. "आई, प्लीज, अब उस छोटे डब्बे पर काम नाही करायचं." तिचं मराठी वाक्याच्या मध्यावर हिंदीत उतरतं आणि कधी कधी परत वर चढतं. मॉनिटर सुंदर होता. अक्षरं अशी ठळक, की डोळ्याला ताणच नाही. अडचण एकच. कॉम्प्युटर आमचा जुना, त्याचं भोक वेगळं. मॉनिटर नवा, त्याचं भोक वेगळं. दोघांना जोडायला मध्ये एक कन्व्हर्टर लागतो, तो ह्यांनी बाजारातून घासाघीस करून आणला. काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्या एका तोंडाला कॉम्प्युटरची तार, दुसऱ्याला मॉनिटरची, आणि बाजूने एक शेपटी निघालेली. ती शेपटी कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायची, म्हणजे डबीला वीज मिळते. ह्यांनी तिचं नाव रूपांतरक ठेवलं. डबी मॉनिटरच्या मागे लोंबकळत राहिली आणि आम्ही तिला विसरलो.

उन्हाळा चढला तेव्हा हे सुरू झालं. मुंजींचा हंगाम होता, हातात काम भरपूर. एका दुपारी मी काम करत बसले होते आणि समोर एकदम काळं झालं. क्षणभरच. पापणी लवली असेल असं वाटावं इतकंच. मग मजकूर जिथल्या तिथे. मी हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले.

मी कोणाला काही बोलले नाही. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या दिवशी तर मी वाटच बघत बसले, आणि वाट बघितली की व्हायचं नाही. नजर कामात गुंतली की व्हायचं. मी घाबरले होते, सरळ सांगते. स्वयंपाक करताना एक डोळा झाकून फोडणीतली मोहरी बघायची, जिना उतरताना भिंतीवरच्या जाहिराती वाचायच्या. बाहेर कुठेही काही होत नव्हतं. पण बाहेर मी इतकं टक लावून बघतेच कुठे? हाच विचार परत परत.

शेवटी मी एक युक्ती काढली. मॉनिटरच्या वर भिंतीवर आमचं मोठं पांढरं घड्याळ आहे, काळ्या जाड आकड्यांचं. ठरवलं, काळं झालं रे झालं, की मान वर करून घड्याळ बघायचं. घड्याळ दिसलं तर दोष यंत्राचा. दिसलं नाही तर माझा. युक्ती चांगली होती, पण काळेपण इतका थोडा वेळ टिकायचं की मान वर जाईपर्यंत संपलेलं असायचं. घड्याळ तर दिसायचं, पण घड्याळ बघितलं तेव्हा अंधार होता की नव्हता, हे मला छातीठोक सांगता येईना.

मग एके दिवशी जे झालं त्याचं मला आजही हसू येतं. काळं झालं आणि परत आलंच नाही. कॉम्प्युटरचा पंखाही थांबला, आणि मागचं बटण बंद करून परत लावलं तेव्हा कुठे तो घर्रकन सुरू झाला आणि यंत्र पहिल्यापासून चालू व्हायला लागलं. जुळवलेली अख्खी पत्रिका गेली. दुसरं कोणी कपाळाला हात लावून बसलं असतं. मी टाळ्या वाजवल्या. बिघडलं! यंत्र बिघडलं! हे धावत आले आणि मला म्हणाले, "संगणकाचे बारा वाजून राहिलेत आणि तू खूश कशाला होतेस?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खुर्चीवर बसले.

"आधी कंपू," ते म्हणाले. "संगणक नंतर."

मी म्हटलं, पण आता कळलं ना, यंत्रच आहे. ते ऐकेनात. यंत्र बिघडलं म्हणून डोळा ठीक आहे असं कोणी सांगितलं, दोन्ही बिघडू शकतात. बँकेत राहिलेला माणूस, दोन्हीकडून पडताळा घेणारच. रिक्षा करून आम्ही कंपूला गेलो.

तिथे काय झालं ते मी आमच्या नातेवाइकांत इतक्या वेळा सांगितलं आहे की आता माझंच मला पाठ झालंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्या तकलीफ़ है?" माझ्या तोंडून मराठीच हिंदीचा झगा घालून निघालं. "परदा बार-बार काला पड़ जाता है." त्यांचा चेहरा बदलला. परिचारिकेला बाकीचे पेशंट थांबवायला सांगितले.

"कब से?"

"कुछ दिन हुए."

"कुछ दिन? मैंने क्या कहा था आपसे? फिर अपने-आप लौट आता है?"

"लौट आता है," मी म्हटलं.

त्यावर ह्यांना वाटलं आपणही माहिती द्यावी. "नहीं-नहीं, आज नहीं लौटा. आज तो पीछे से बंद करके फिर चालू करना पड़ा."

डॉक्टरीणबाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. "क्या चालू करना पड़ा?"

"सीपीयू," हे म्हणाले.

परिचारिका तोंडावर हात धरून बाहेर गेली. डॉक्टरीणबाईंनी मात्र हसण्याआधी डोळ्यात औषध घातलं, बाहुली मोठी करून नीट तपासलं, खूप वेळ. मग दिवा बंद करून त्या म्हणाल्या, "आपका परदा बिलकुल ठीक है. दूसरा वाला किसी मिस्त्री को दिखाइए." आणि तेव्हा हसल्या. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक मारून म्हणाल्या, "पर मेरी बात भूलिएगा मत."

औषधाने सगळं धूसर दिसत होतं, ऊन सुयांसारखं टोचत होतं, आणि मी रिक्षात बसून हसत होते. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून पडदा हा आमच्या घरातला विनोद झाला. मुलगी फोनवर विचारायची, "आई, परदा कसा आहे? कोणता वाला?" मीही म्हणायचे, एक चिकटवलेला आहे आणि एक लटकलेला.

मग यंत्राचा छळ सुरू झाला. यंत्राने आमचा छळ केला की आम्ही यंत्राचा, हे सांगणं कठीण आहे. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून उपाय काढायला घेतले. आधी कूलर बंद केला, कारण कूलरचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कूलर बंद! आम्ही दोघं घामाने निथळत संगणकाकडे बघत बसलो, आणि त्याने निवांतपणे मान टाकली. मग विंडोज नव्याने टाकलं. त्यात माझे मराठी फाँट गेले, कळांची जुळणी गेली, मी ळ दाबला की भलतंच चिन्ह उमटायला लागलं. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही. ते म्हणाले, "अगं, पण आता तो चालून तर राहिलाय." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत काळं झालं.

"पडदा गेला," मी म्हटलं.

"दिसतोय मला," ते म्हणाले.

टोपी बाजारात एक दुकानदार कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याच्याकडे सीपीयूचा डबा नेला. त्याने डबा उघडला, आतली एक हिरवी पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, परत बसवली आणि म्हणाला, "रैम थी माताजी. अब मक्खन चलेगी." खरोखर त्याच्याकडे मशीन दिवसभर लोण्यासारखं चाललं. आम्ही घरी आणलं, जोडलं, देवाला दिवा लावून काम सुरू केलं. पहिल्या वेलांटीलाच पडदा गेला. परत टोपी बाजार. त्याने आतलं वीज देणारं खोकं बदललं, परत दिवसभर चालवून दाखवलं, माझ्यासमोर त्यावर कसलासा सिनेमा लावला. घरी आणलं, गेला. पुढच्या खेपेला तो माझ्याकडे जरा दयेने बघायला लागला. "माताजी, मशीन में कुछ नहीं है. आपके घर की बिजली में दोष है." हे घरी येऊन म्हणाले, वायरमनला बोलवू. मी म्हटलं, बोलवा, आणि वास्तुशांतही करून घ्या.

पण मनातून मी खचले होते. हंगाम हातातून चालला होता, हे एक. लोक तोंडावर काही म्हणायचे नाहीत, पण मजकूर दुसरीकडे द्यायला लागले होते. एका घरी मुंज होऊन गेली आणि पत्रिकेत 'मंगल कार्यालय' बरोबर, 'वेळ' मात्र 'वेल' छापून आली. कार्याची वेल. माझ्या हातून गेली असती तर असं झालं नसतं, या विचाराने माझा जीव जळायचा. आणि दुसरं, जे मी कोणाला बोलले नाही, ते असं की प्रत्येक वेळी काळं झालं की पहिली शंका डोळ्याचीच यायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तरी यायची. घड्याळाकडे मान वर जायची, घड्याळ दिसायचं, मग शंका विरायची. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं. माणूस दमतो अशाने.

उत्तर मला मिळालं ते भांडी घासताना. मी विचार करत होते, की दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, तर असं काय आहे जे दुकानात जात नाही? डबा जातो. तार त्याची तो लावतो. मॉनिटर त्याचा. घरी काय राहतं? मॉनिटर राहतो आणि मॉनिटरच्या मागे जे लोंबकळतं ते राहतं. हात तसेच साबणाचे पुसून मी गेले आणि मागे चाचपडलं. डबीने बोटाला चटका दिला. तव्यावरून उतरवलेल्या फुलक्यासारखी तापली होती.

मी ह्यांना हाक मारली नाही. आधी माळ्यावरून जुना छोटा मॉनिटर काढला, त्याची जुनी तार सरळ कॉम्प्युटरला लावली, डबी वगळून. दिवसभर काम केलं. एकदाही गेला नाही. संध्याकाळी हे फिरून आल्यावर त्यांना समोर बसवलं. यंत्र व्यवस्थित चालू होतं. डबीची दोन्ही तोंडं मोकळी होती, कशालाच जोडलेली नव्हती. मी तिची नुसती शेपटी घेतली आणि यूएसबीत खोचली. पंखा थांबला, पडदा काळा झाला, यंत्र गेलं. शेपटी काढून पुन्हा चालू केलं, पुन्हा खोचली. पुन्हा गेलं. आतून कुठेतरी वीज भलतीकडे वळत होती आणि यंत्राला बंद होण्यापलीकडे मार्ग नव्हता.

"रूपांतरक," मी म्हटलं.

घासाघीस ह्यांनीच केली होती. मग डबी हातात घेऊन उलटीसुलटी करत म्हणाले, "चांगलंच रूपांतर करून राहिला होता." आणि आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन, घासाघीस न करता, चांगला कन्व्हर्टर घेऊन आले.

त्यानंतर यंत्र शहाण्यासारखं वागलं. नव्याचा एकच दोष होता. त्याची शेपटी जरा सैल बसायची, कूलरच्या वाऱ्याने पडदा हलून तिला लागला, म्हणजे खिडकीचा पडदा, की मॉनिटर अंधारायचा. मागे हात घालून ती दाबली की परत. यंत्र बंद पडत नव्हतं, काम जात नव्हतं, म्हणून आम्ही त्याचं काही केलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हणायचे, पडदा गेला. हे असतील तिथून म्हणायचे, शेपटी दाब. मी दाबायचे. घड्याळाकडे बघणं कधी सुटलं ते मला समजलंच नाही. डोळ्याची शंकाही यायची थांबली होती, आणि ती थांबली म्हणून मी देवाचे आभार मानत होते.

कूलर धुऊन पुसून बांधून ठेवला त्या दिवसांतली गोष्ट. दुपार होती. हे स्वयंपाकघरात चहा टाकत होते. माझ्यापुढे एका बारशाची पत्रिका होती. बाळाचे बारसे. मी ळ मोठा करून बघत होते, आणि पडद्याची वरची पट्टी अंधारलेली दिसली. जिथे छापण्याची, जपून ठेवण्याची चिन्हं असतात ती पट्टी. तेवढीच. खाली सगळं ठीक.

माझा हात आपोआप मॉनिटरच्या मागे गेला. शेपटी दाबली. पट्टी तशीच.

"अहो, पडदा गेला," मी म्हटलं.

"शेपटी दाब," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"दाबली."

"जोरात दाब. ढिली होऊन राहिली असेल. उद्या दुसरी आणतो."

मी जोरात दाबली. काढून परत खोचली. मॉनिटर क्षणभर पूर्ण काळा झाला आणि पूर्ण उजळला, पण वरची पट्टी काळीच राहिली. कूलर तर बांधून ठेवलेला होता. खिडकी बंद होती. खिडकीचा पडदा हलायचं काही कारणच नव्हतं. मला वाटतं हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी हात मागे ठेवून ती शेपटी दाबत बसले होते. ती दाबून बरी होण्यासारखी गोष्ट असावी, इतकंच मला हवं होतं.

मग मी मान वर केली. घड्याळ होतं. सहा होता, पाच होता, सात होता. बारा नव्हता. अकरा नव्हता, एक नव्हता. मी डावा डोळा हाताने झाकला, तरी नव्हता. हात काढून उजवा झाकला, तेव्हा त्या मंद डोळ्याला घड्याळाचा पांढरा गोल अख्खा दिसला, आकड्यांशिवाय, पण अख्खा.

"अहो," मी म्हटलं. "स्क्रीन ठीक आहे."

आत काही पडल्याचा आवाज झाला नाही. फक्त चहा ढवळायचा थांबला.

"स्क्रीन ठीक आहे," मी परत म्हटलं. "पडदा गेलाय."

ते दारात आले. आधी त्यांनी स्क्रीनकडेच पाहिलं. ती लख्ख होती, वरच्या पट्टीसकट, आणि मध्ये केवढा तरी मोठा ळ. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गॅस बंद करायला ते गेले नाहीत, मीच म्हटलं, गॅस बंद करा. माझ्या तोंडचा शब्द त्यांनी सुधारला नाही. असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

आम्ही तासाभरात कंपूला होतो. डॉक्टरीणबाईंनी या वेळी कोणता परदा म्हणून विचारलं नाही. ऑपरेशन पुन्हा झालं. मग पडदा जागी बसावा म्हणून पालथं पडून राहणं आलं, उशीत तोंड घालून, खाणंपिणंसुद्धा मान खाली घालून. मी जमिनीच्या फरश्या पाठ केल्या. वेळेत आलात, असं त्या म्हणाल्या, म्हणून निदान काही राहिलं. जे राहिलं त्यात माणसं दिसतात, दारं दिसतात, आकाश दिसतं. मुलगी आली होती, तिचा चेहरा दिसला. अक्षर दिसतं, पण ते ळ आहे की ल, हे आता मला सांगता येत नाही.

घड्याळ ह्यांनी भिंतीवरून काढून ठेवलं आहे. मी लावा म्हटलं तरी लावत नाहीत.

पत्रिका आता मी तोंडाने सांगते आणि हे जुळवतात. मी ळवर जोर देऊन बोलते, ते एका बोटाने कळ शोधतात, आणि मग मोठ्याने वाचून दाखवतात. हा मजकूरसुद्धा असाच लिहिला गेला. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. स्वतःच्या बोलण्यातली 'राहिलेत' आणि 'राहिलाय' त्यांनी निमूट लिहिली, आणि लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की हे चुकीचं आहे, असं मला वाटत नाही. फक्त एका शब्दापाशी ते दर वेळी थांबले. बोट कळेवर धरून त्यांनी मला विचारलं, "इथे पडदा लिहू की स्क्रीन?"

मी प्रत्येक वेळी नीट आठवून सांगितलं.